दिंगबोचेची एक रात्र कापली तर चालेल का?

गडवाट
ऑक्टोबरमध्ये नेपाळात एव्हरेस्टच्या भागातल्या आयलंड पीक शिखरावर (६,१८९ मी.) जातोय. कार्यक्रमात वाटेतल्या नामचे गावात दोन रात्री आणि त्याच्या वरच्या दिंगबोचेत दोन. रजा मोजून मिळाली आहे. दर रविवारी पाठीवर बारा किलो घेऊन सिंहगड चढतो, दम चांगला आहे. दिंगबोचेची एक रात्र कापली तर शिखराच्या वेळी हवा बिघडल्यास एक दिवस हाताशी राहील. शिवाय दिवसभर तिथे बसून करायचं काय? जाऊन आलेल्यांनी सांगा.

इंद्रायणीकाठ
दादा, कापू नका. सिंहगडाचा दम वेगळा आणि विरळ हवेची सवय वेगळी. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. चाल सुरू होते त्या लुकलाला विमानातून उतरता तेव्हाच तुम्ही त्याच्या हजार मीटर वर असता. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज पाचशेपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र आहे तिथेच काढायची. शरीर आधी श्वास वाढवतं, मग मूत्रपिंडं रक्ताचा तोल सांभाळतात. त्याला दिवस लागतात, कितीही व्यायाम केला तरी.

आता बसून काय करायचं ते. मी २०१९ मध्ये गेले होते. सकाळी गावामागच्या नांगकारछांगच्या टेकडीवर जमेल तेवढं चढलो आणि जेवायला खाली आलो. वर चढायचं, झोपायला खाली यायचं, तेवढंच त्या दिवसाचं काम. पुढची सगळी दुपार माझी. लॉजमागे दगडी गडग्याला पाठ टेकून उन्हात बसले. गडग्यावर याकच्या शेणाच्या गोवऱ्या वाळत होत्या, शेजारी माझे धुतलेले मोजे. लॉजवाल्या दीदींनी उकडलेले बटाटे आणले, समोरच्याच वावरातले, लिंबाएवढे. साल बोटांनीच सोलायची. बोटं भाजतात, पण गारठलेल्या हातांना ते हवंच असतं. त्यांच्याकडे मीठ-मिरची वाटलेली होती, माझ्याकडे आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी. डबी पुढे केली. त्यांनी चिमूटभर चाखली आणि पुढचा बटाटा थेट डबीतच बुडवला! माझं हिंदी, त्यांचं नेपाळी, मी "बस" म्हणायचे, त्या "पुग्यो?" (पुरे का?) विचारायच्या आणि आणखी एक बटाटा ठेवायच्या.

त्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे चहा ओतल्या ओतल्या ओठाला लावता येतो. मी तीन कप प्यायले. मग ऊन खाऊन कडक झालेले मोजे पायात चढवले. आजही दिंगबोचे म्हटलं की मला समोरच्या आमा दब्लम शिखराच्या आधी ते मोजे आठवतात.

आणि तुमचं शिखर तिथूनच दिसतं. ब्रिटिश गिर्यारोहकांनी त्याला हे नाव दिलं ते तिथून ते बर्फाच्या समुद्रातल्या बेटासारखं दिसतं म्हणूनच. त्याच्याकडे निवांत बघायला दुसरी दुपार मिळणार नाही.

घाटमाथा
ताईंशी सहमत. आम्ही एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाताना आयोजकांनी हाच दिवस गाळला होता. दिंगबोचेच्या पुढच्या लोबुचेला रात्री एकाचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, मग चालताना तोल जाऊ लागला. तोल गेला की सकाळची वाट बघायची नसते. अंधारातच त्याला खालच्या फेरिचे गावात उतरवलं. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. मोसमात दुपारी तिथले डॉक्टर उंचीच्या त्रासाबद्दल सगळ्यांना समजावून सांगतात. दिंगबोचेहून मधला डोंगर ओलांडला की फेरिचे, मोकळ्या दिवशी जरूर जाऊन या.

गडवाट
ठरलं, दोन्ही रात्री राहतो. आयोजकांना आजच फोन करून शेवटी एक जादा दिवस मागतो, रजेचं घरी-ऑफिसात बघतो. ताई, चटणी किती न्यावी? लुकलाच्या विमानात सगळं मिळून पंधराच किलो सामान चालतं.

इंद्रायणीकाठ
पाव किलो पुरे. ओलं खोबरं नको, सुकी कुटलेलीच न्या. डबी घट्ट झाकणाची घ्या आणि वर दोन पिशव्या बांधा. वर हवेचा दाब कमी असतो, झाकण उघडताना फुस्स होऊन चटणी उडते, म्हणून ते हळूच उघडा. आणि पन्नास ग्रॅमची एक पुडी वेगळी बांधाल का? गावाच्या वरच्या टोकाला निळ्या पत्र्याचं लॉज आहे, तिथल्या दीदींना द्या.