अनुभव धागा: इंग्रजीतला 'लेट' नेमका कुठे फसवतो?

'लेट' हा शब्द मराठी बोलतानाही आपल्या तोंडी असतो, पण इंग्रजी लिहिताना हमखास दगा देतो. शिकवणारे, भाषांतर करणारे, मुद्रितं तपासणारे, हाताखालून गेलेल्या चुका लिहा. उदाहरणासकट.

*

सगळ्यात महागात पडते ती जागेची चूक. क्रियापदानंतर आला तर नुसता उशीर: 'द प्रेसिडेंट इज लेट'. माणसाच्या आधी 'द' किंवा 'अवर' घेऊन आला की माणूस गेलेला. सभेला उशिरा पोचणाऱ्या अध्यक्षांना निवेदनात 'अवर लेट प्रेसिडेंट' म्हटलं की ते जागच्या जागी कैलासवासी! पद सोडलेल्यांसाठी शब्द आहे 'फॉर्मर'. वस्तू किंवा घटना असेल तर भीती नाही. 'लेट फी', 'अ लेट लंच' यांत उशीरच.

*

वर भर. 'लेट बीथोव्हन' म्हणजे कै. बीथोव्हन नव्हे, त्याच्या अखेरच्या काळातलं संगीत. तो १८२७ साली गेला. इतक्या जुन्या माणसाला 'द लेट' लावतच नाहीत. अलीकडे गेलेल्यांनाच लावतात.

*

'आय गॉट लेट' कुठून येतं? 'मला उशीर झाला' मधून. मराठीत उशीर 'होतो' आणि माणूस चतुर्थीत बसतो. इंग्रजीत माणूस स्वतःच लेट असतो. म्हणून 'आय वॉज लेट'. 'इट्स गेटिंग लेट' मात्र बरोबर, कारण तिथे वेळ पुढे सरकतेय. किती उशीर ते आधी सांगा: 'टेन मिनिट्स लेट फॉर द मीटिंग'. 'लेट बाय टेन मिनिट्स' चूक नाही, जड वाटतं इतकंच.

*

'ही केम लेटली' नको. क्रियाविशेषणही 'लेट'च. 'लेटली' म्हणजे अलीकडे.

*

'इन हिज लेट थर्टीज' म्हणजे साधारण ३७ ते ३९. 'उत्तर तिशीत' लाकडी वाटतं. 'चाळिशीला टेकलेला' लिहा. 'लेट नाइन्टीन एटीज'चं '१९८० नंतर' करू नका, सात-आठ वर्षं घसरतात. 'ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस' म्हणा.

*

लेखिका हयात आणि लिहिती असेल तर 'हर लेटेस्ट नॉव्हेल'. 'लास्ट' म्हटलं की तिची लेखणी तुम्हीच थांबवता. आणि 'बाय फ्रायडे ॲट द लेटेस्ट' मध्ये ताजं काही नसतं. फार तर शुक्रवार, त्यापुढे नाही.