नवीन फायबर बोट, बॅटरी सारखी उतरते, डीलर म्हणतो बॅटरीच खराब. वायरिंगचं कोणाला कळतं का?

तापीकाठ (मुक्ताईनगर)

राम राम मंडळी. आमच्याकडे मोटर, स्टार्टर, सबमर्सिबलवाले गल्लोगल्ली आहेत पण बोट म्हटलं की सगळे हात वर करतात म्हणून इथे विचारतोय.

आमच्या मच्छीमार सोसायटीने हतनूर धरणाच्या बॅकवॉटरसाठी फायबरची बोट घेतली, २२ फुटी, मागे सेल्फ स्टार्टचं पेट्रोल आऊटबोर्ड. आधी सगळं होडी आणि वल्ह्यावर चालायचं. काही पैसे अनुदानाचे, बाकी सभासदांनी घातले. डीलर बाहेरगावचा आहे, नाव नाही टाकत. इंजिन बसवणं, लाईट, पाणी उपसायचा पंप, हॉर्न, मोबाईल चार्जिंग सगळं त्यानेच करून दिलं आणि वायरिंगचे बिलात वेगळे पैसे लावलेत बरं का, फुकटात नाही केलं.

आता हाल असे की बोट तीन-चार दिवस काठाला उभी राहिली की सेल्फ मारत नाही, नुसती टक टक. रात्री जाळं ओढताना लाईट लावले की पंपाचा आवाज बसतो, पाणी नुसतं थेंब थेंब फेकतो, लाईट बंद केले की परत नीट. डीलरचा माणूस आला, बॅटरीवर हात ठेवला न् म्हणे बॅटरी खराब. बदलून आणली, ती पण तशीच उतरून राहिली. आता म्हणतो अजून मोठी टाका, १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता), पैसे तुमचे.

मी सीटखाली डोकं घातलं तर एक प्लस नाही एक मायनस नाही सगळीकडे लालच वायर, घरात वापरतो तीच, दोन टोकं पिळून वर काळी टेप, आणि तो जॉइंट तळाच्या पाण्यात लोळतोय. फ्यूज एकच आहे काचेचा, तो जळलेला आणि वरून वायरची तार गुंडाळलेली! पावसाळा तोंडावर आहे. काय करू?

वायरमन_भुसावळ

भाऊ पहिली गोष्ट, बॅटरी घेऊ नको. १०० ची टाकली तरी एक-दोन दिवस उशिरा उतरेल, बाकी काही नाही. आणि ती तार गुंडाळलेली आजच काढ, पेट्रोलच्या बोटीत असला धंदा करणाऱ्याला काय म्हणावं. शॉर्ट झाला तर फ्यूज नाही तुटणार, वायर पेटेल.

मी गाड्यांची वायरिंग करतो, बोटीची नाही, पण १२ व्होल्ट इथूनतिथून सारखाच. मल्टिमीटर घे आणि एवढं करून सांग. बॅटरी फुल चार्ज कर, रात्रभर सोड, सकाळी व्होल्टेज बघ. १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी बहुतेक ठणठणीत आहे. मग सगळे स्विच बंद, मायनसची केबल काढ, मीटर १० अँपिअरवर लाव आणि केबल न् बॅटरीच्या मधे धर. किती करंट जातो ते बघ. मीटर मधे असताना चुकूनसुद्धा सेल्फ मारू नको, मीटरचा फ्यूज जाईल. तिसरं म्हणजे लाईट आणि पंप दोन्ही चालू ठेवून पंपाच्या वायरवर, अगदी पंपाजवळ, किती व्होल्ट येतात ते घे. बॅटरी बोटीत कुठे आणि स्विच कुठे तेही सांग, वायर किती लांब फिरते त्यावर खेळ आहे.

तापीकाठ (मुक्ताईनगर)

घेतलं मोजून. सकाळी बॅटरी १२.६. सगळं बंद असताना ०.४५ अँपिअर जातोय. लाईट-पंप चालू केल्यावर बॅटरीवर १२.४ आणि पंपाजवळ १०.४. बॅटरी मागे इंजिनाजवळ, पंप पण मागेच तळाला, पण स्विच पुढे, म्हणजे वायर पाचेक मीटर पुढे जाते आणि तेवढीच परत मागे येते. वायरवर १ स्क्वेअर (चौरस मिमी जाडी) लिहिलंय. लाईट सगळे मिळून ६० वॅट, पंपावर ३ अँपिअर लिहिलंय.

वायरमन_भुसावळ

मग झालं की. हिशेब बघ. १ स्क्वेअर तांब्याची वायर मीटरला साधारण ०.०१८ ओम. बॅटरी ते स्विच जाऊन येऊन १० मीटर, त्यातून लाईटचे ५ आणि पंपाचे ३ असे ८ अँपिअर जातात. तिथेच दीड व्होल्टच्या जवळपास खाल्ला. पुढे स्विचपासून पंपापर्यंत परत १० मीटर, ३ अँपिअर, अजून अर्धा व्होल्ट. दोन व्होल्ट गेले वायरीतच. तुझं मीटर पण तेच सांगतंय, १२.४ चे १०.४. लाईट बंद केले की पंप सुधारतो याचं कारण हेच, दोघांना एकच बारीक वायर.

आणि ०.४५ म्हणजे दिवसाला जवळपास ११ एएच. बॅटरी ७५ ची असेल तर चार दिवसांत अर्ध्याच्या वर रिकामी. सेल्फ कशी मारेल? एकेक वायर काढत जा बॅटरीवरून, ज्या वायरीला मीटर शून्यावर येतो तो चोर.

उकाई_नवापूर

भाऊ आमना इकडे बी असंच व्हयनं, डीलर लोके असाच शेतस 😀 बोट विकताना चहा-नाश्ता, नंतर फोन उचलत नहीत.

आमच्याकडे उकाईच्या पाण्यात दोन-तीन गावांत या बोटी आल्या. एकाचा तर पाणी फेकायचा पाइप इतका खाली काढलेला की बोट भरली की बाहेरचं पाणीच पाइपातून उलटं आत. पंप बंद केला की बोट भरायची, लोक म्हणे बोट गळकी. गळत काही नव्हती. पाइपाचं तोंड पाण्याच्या रेषेपासून चांगलं वर पाहिजे, आणि आत पाइपाला वर एक वळसा देऊन मग बाहेर काढायचा. तुझी पण बघून घे.

जुना_खलाशी_शहादा

मी अलिबागकडे बोट बांधणाऱ्यांकडे बरीच वर्षं काम केलं, आता गावी शेती बघतो. वरच्या भावाने व्होल्टचा हिशेब बरोबर सांगितला, मी फिटिंगचं सांगतो.

तळाचा पंप कधीच पुढच्या मेन स्विचवरून घ्यायचा नाही. तो थेट बॅटरीवरून, स्वतःचा फ्यूज, आणि मधे फ्लोट स्विच, म्हणजे रात्री बोट बांधलेली असताना पाऊस आला तरी पंप आपोआप लागतो. तुझा पंप बॅटरीच्या बाजूलाच आहे म्हणजे मीटर-दीड मीटर वायरीत काम होतं, आणि या माणसाने ती पुढे फिरवून आणली. याला आळस पण नाही म्हणता येत, उलटी जास्त मेहनत केलीय! पुढे फक्त हाताने चालवायला एक वायर न्यायची.

फ्यूज बॅटरीजवळच पाहिजे. अमेरिकेतल्या एबीवायसी या संस्थेच्या बोटींच्या मानकांत प्लसपासून ७ इंचांच्या आत असं साधारण धरतात, सेल्फची जाडी केबल सोडून. कारण साधं आहे, फ्यूज जिथे आहे त्याच्या आधीची वायर उघडी राहते, ती कुठे घासली तर वाचवायला कोणी नाही. लाईटला वेगळा, पंपाला वेगळा, चार्जिंगला वेगळा. पंपाच्या फ्यूजचा आकडा पंपावरच लिहिलेला असतो, मनाने टाकायचा नाही.

वायर शक्यतो कथील चढवलेली तांब्याची, बारीक तारांची. मुंबईकडे मिळते. नाही मिळाली तर निदान चांगली लवचिक वायर, पुढच्या लाईटला २.५, मेनला ६ घे. घरातली एकसंध तारेची घेऊ नको, इंजिनाच्या थरथरीने तुटते. आणि जॉइंट पिळून टेप हा प्रकार बंद. टेप ऊन खाऊन सुटते, आणि तुमच्या भुसावळच्या उन्हात तर विचारूच नका.

अजून एक बघ. इंजिनाच्या खालच्या भागाला राखाडी धातूचा एक तुकडा बोल्टने लावलेला असतो, अॅनोड. तो इंजिनाच्या अॅल्युमिनियमऐवजी स्वतः झिजतो. मी बोटी पाहिल्यात जिथे डीलरने दिसायला छान म्हणून त्याच्यावरून पण रंग मारला. रंग मारला की तो मेला. आणि जस्ताचा समुद्रासाठी असतो, तापीच्या गोड्या पाण्यात त्याच्यावर थर बसून तो झोपतो. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा किंवा अॅल्युमिनियमचा मागव.

वायरमन_भुसावळ

दादा टेपचं मान्य, पण जॉइंटला सोल्डर करायला काय हरकत आहे? आम्ही गाडीत सगळीकडे सोल्डर करतो.

जुना_खलाशी_शहादा

नुसतं सोल्डर नको. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते, टेपच्या आत तुटल्यामुळे दिसत पण नाही. लग, म्हणजे वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा, चांगल्या क्रिम्पिंगच्या (दाबायच्या) हत्याराने दाबायचा, पक्कडीने चेपायचा नाही, आणि वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी. गरम केली की गोंद वितळून बाहेर येतो तेव्हा समजायचं आता पाणी जात नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे तळाच्या पाण्याच्या पातळीत जॉइंट ठेवायचाच नाही, वर काठाजवळ घ्यायचा.

वायरमन_भुसावळ

बरोबर, बोअरमध्ये मोटर सोडताना आम्ही केबलला तीच नळी घालतो. मिळेल जळगावात.

तापीकाठ (मुक्ताईनगर)

चोर सापडला! मागच्या सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून एक छोटा इन्व्हर्टर ठेवलाय, २२० चा, मोबाईल चार्जिंगला. थेट बॅटरीवर, ना स्विच ना फ्यूज, चोवीस तास चालू. त्याची वायर काढली की मीटर ०.०१ वर आला. बिलात तो "यूएसबी चार्जिंग पॉइंट" म्हणून लावलाय!! पिशवीत असल्यामुळे हात लावला तर चांगलाच गरम.

अॅनोडवर रंग आहे, दादा म्हणाले तसाच. पाइप ठीक आहे, वर आहे.

आता प्रश्न असा की हे आपणच करून टाकू की डीलरकडून करून घेऊ? सभासद म्हणतात आपणच करा, पाऊस आला की धरणाचे दरवाजे उघडतात, धार वाढते, तेव्हा पंप बंद पडला तर कोण जबाबदार. पण हात लावला की डीलर म्हणेल तुम्ही छेडछाड केली, वॉरंटी गेली.

धुळेकर_ग्राहक

मी वकील नाही पण जिल्हा ग्राहक आयोगात एक केस लढवलीय (ट्रॅक्टरची), तेवढ्या अनुभवावर सांगतो. हात लावायच्या आधी सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढा, तारखेसकट. गुंडाळलेली तार, पाण्यातला जॉइंट, पिशवीतला इन्व्हर्टर, मीटरचे आकडे, सगळं. बिलातली ओळ आणि इन्व्हर्टर एकाच फोटोत आलं तर उत्तम, त्यापुढे त्याला बोलायला जागा नाही. मग एखाद्या आयटीआयच्या निदेशकाकडून किंवा लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून लेखी रिपोर्ट घ्या. डीलरला लेखी पत्र द्या, ईमेल पण आणि स्पीड पोस्ट पण, की अमुक दिवसांत दुरुस्त करून द्या नाहीतर आम्ही करून घेऊ आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू. फोनवर बोललेलं काही उपयोगाचं नाही. तार गुंडाळलेला फ्यूज आणि इन्व्हर्टर मात्र फोटो काढून लगेच बाजूला करा, त्यासाठी पत्राच्या उत्तराची वाट बघू नका, जीव महत्त्वाचा.

नाही ऐकलं तर १९१५ वर तक्रार करा, ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यापासून तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस लावता येते, म्हणजे जळगावलाच, डीलरच्या गावी जायची गरज नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. एक अडचण सांगून ठेवतो, तो म्हणणार हा धंद्यासाठी घेतलेला माल आहे, तुम्ही ग्राहकच नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर कायदा ग्राहक मानतो, आणि कायद्यात व्यक्ती या शब्दात सहकारी सोसायटीपण येते. सोसायटीचा ठराव करून तो कागद फाइलला लावा.

बोट मत्स्य संपदा योजनेतली आहे का? त्यात सर्वसाधारणला ४० आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान असतं. तसं असेल तर मत्स्यव्यवसायच्या जळगाव ऑफिसला पत्राची प्रत द्या. अनुदानाच्या बोटी विकणाऱ्याला त्या ऑफिसमध्ये परत परत जायचं असतं, तुमच्या फोनपेक्षा ती प्रत त्याला जास्त टोचते.

उकाई_नवापूर

हे भारी सांगितलं. आमच्या इथे पण प्रत दिल्यावरच माणूस आला, आणि येताना सामान घेऊन आला.

तापीकाठ (मुक्ताईनगर)

हो, त्याच योजनेतली आहे. फोटो कालच काढले, ठरावाला रविवारी मीटिंग. पत्र सचिव लिहितायत. इन्व्हर्टर आणि तार काढून पिशवीसकट ऑफिसच्या कपाटात ठेवलंय.

पंपाची वायर मात्र पत्राच्या उत्तरापर्यंत थांबवू शकत नाही, ती करून घेतो. डीलरची वायर तोडत नाही, तशीच ठेवतो, पंपाला नवीन वेगळी टाकतो फ्लोट स्विचसकट. खलाशी दादा, मीटर-दीड मीटरला २.५ स्क्वेअर चालेल ना? आणि फ्लोट स्विच कसा निवडायचा?

जुना_खलाशी_शहादा

२.५ भरपूर झाली. फ्लोट स्विच पंपाच्या अँपिअरपेक्षा मोठ्या आकड्याचा घे, ३ चा पंप असेल तर ५ किंवा १० चा. बसवताना पंपापेक्षा थोडा वर बसव, म्हणजे पंप थोडंसं पाणी उरल्यावर बंद होतो, नाहीतर कोरडा फिरून जळेल. आणि आठवड्यातून एकदा हाताने उचलून बघायचा, तुमच्या पाण्यात गाळ फार, माशाचे खवले आणि जाळ्याचे धागे अडकले की तो तसाच वर राहतो. मग परत बॅटरी उतरली म्हणून इथे येशील 😀

वायरमन_भुसावळ

मी पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय भाऊ, क्रिम्पिंगचं हत्यार घेऊन येतो. लग आणि नळी तू जळगावहून आणून ठेव, फ्यूज होल्डर माझ्याकडे आहेत, पट्टीच्या फ्यूजचे, झाकणवाले.