मदत हवी आहे: पेठांचा जुना नकाशा आजच्या पुण्यावर बसेना

मंडळी, मी हौस म्हणून क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) पुण्याच्या पेठा कशा बदलत गेल्या ते दाखवायचा प्रयत्न करतोय. एका जुन्या नकाशाचं स्कॅन मिळालंय, ते जिओरेफरन्स करताना, म्हणजे ओळखीच्या जागा जुळवून आजच्या नकाशावर बसवताना, घोडं अडलंय. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, बुरुज, कसबा गणपती असे आजही जागेवर असलेले पॉइंट धरले तर वाड्याजवळ सगळं झकास बसतं, पण खाली पर्वतीकडे जावं तसं रस्ते सरकायला लागतात आणि नदी तर थेट लोकांच्या सोसायटीत घुसते 😅 लक्ष्मी रोड, शिवाजी रोड नंतर काढलेले त्यामुळे ते पॉइंट म्हणून उपयोगाचे नाहीत.

थिन प्लेट स्प्लाइन (नकाशा रबरासारखा हवा तसा ताणून बसवायची पद्धत) लावलं की एरर शून्य दाखवतो पण ते फसवंच ना, तो प्रत्येक पॉइंटवरून ओढूनताणून नेतोच, मधल्या गल्ल्या वाकड्या झाल्या तरी कळत नाही. पॉलिनोमियल १ (अख्खा नकाशा एकसारखा फिरवून-ताणून बसवायची साधी पद्धत) वरच थांबू की नकाशाचे तुकडे करून वेगवेगळे बसवू?

दुसरं म्हणजे आंबिल ओढा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवला, तर जुना मार्ग रेघ मारून दाखवावा की अंदाजे पट्टा? ठाम रेघ मारली की लोक तेच खरं धरतात.

आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराची पातळी दाखवणाऱ्या खुणा कुणाच्या वाड्यावर, देवळावर असतील तर जागा सांगा, तो लेयर अजून रिकामाच आहे.