मदत हवी आहे: आईशी गप्पा मारणारा बॉट घरीच ट्रेन केलाय, टेनेसीत हा गुन्हा ठरेल का?

मंडळी, कायद्यातलं कळणारं कोणी असेल तर प्लीज सांगा. मी नॅशव्हिलला, आई इचलकरंजीत एकटी, वय ७६. गुडघ्यांमुळे तिचं संध्याकाळचं देवळात जाणं सुटलं, आणि तिची संध्याकाळ म्हणजे नेमकी माझी सकाळची ऑफिसची घाई, म्हणून एक छोटं ओपन (कोणालाही उतरवून घेता येणारं) एआय मॉडेल लॅपटॉपवर फाइन-ट्यून केलं, म्हणजे तयार मॉडेललाच आपला मजकूर देऊन आणखी शिकवलं. मावशीच्या व्हॉइस नोट्स (तिला विचारून) टाइप केल्या, त्यावरून त्याला आमच्याकडची बोली शिकवली. जुन्या टॅबवर ते 'जेवलीस का न्हाई' विचारतं आणि आई त्याला शेजारणीची गाऱ्हाणी सांगत बसते, जी मला कधीच सांगत नाही.

आता भानगड अशी की डिसेंबर २०२५ मध्ये इथल्या, म्हणजे टेनेसीच्या सिनेटमध्ये एसबी १४९३ हे बिल आलं. मूळ मसुद्यात मोकळ्या गप्पांतून भावनिक आधार देण्यासाठी एआयला जाणूनबुजून ट्रेन करणं हाच क्लास ए फेलनी, म्हणजे सेकंड डिग्री मर्डर ज्या वर्गात बसतो तो वर्ग! विकणं नाही, चालवणं नाही, नुसतं ट्रेन करणं. मग माझं फाइन-ट्यूनिंग त्यात येतं का? त्यात आमच्या मंडळातल्या तिघांना आपापल्या आईवडिलांसाठी हेच हवंय, सर्व्हरचे पैसे द्यायला तयार आहेत, एकाचे वडील तर कॅलिफोर्नियात असतात.

बिनफी_वकील: आधी चहा घ्या. बिल आलं म्हणजे कायदा झाला नाही, मसुदा वाटेत बदलतो, विधिमंडळाच्या साइटवर दुरुस्त्या बघत राहा. भारताच्या बाजूने बघितलं तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा स्वतःच्या घरगुती वापराला लागू नाही, तेव्हा मावशीच्या नोट्सचं टेन्शन नको. पण चार घरांना पैसे घेऊन दिलंत की ते घरगुती राहिलं असं म्हणणं अवघड. आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून एसबी २४३ लागू आहे, समोर माणूस आहे असा समज होण्यासारखं असेल तर हे एआय आहे असं स्पष्ट सांगायचं, आत्महत्येच्या बोलण्यावर काय करणार ती पद्धत ठरवून साइटवर टाकायची, नाहीतर नुकसान झालेला माणूस कोर्टात जाऊ शकतो. न्यूयॉर्कमध्ये तर दर ३ तासांनी हे एआय आहे अशी आठवण करून द्यावी लागते. माझं मत, मित्रांना सध्या नाही म्हणा, आणि टेनेसीतलाच वकील गाठा, मी पुण्यात बसून सांगतोय.

धागाकर्ता: थँक्स दादा, मित्रांना थांबवलं. पण आत्महत्येच्या बोलण्यावर काय करायचं ती पद्धत मी बॉटमध्ये आधीच बसवली होती आणि तिथंच घोळ झालाय. आई दिवसातून चारदा म्हणते 'आता देवानं उचलावं', भाजी निवडताना पण म्हणते, दूध उतू गेलं तरी म्हणते. दरवेळी बॉट गंभीर होऊन टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) १४४१६ नंबर वाचून दाखवतो. परवा फोनवर मला विचारते, ह्यो नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवलाय बघ, वायरमनचा का? हसलो खरा, पण ते वाक्य फिल्टरमधून काढायला हात होत नाहीये, एखाद्या दिवशी ती मनापासून म्हणाली तर? मराठीतलं असलं रोजचं बोलणं आणि खरं बोलणं वेगळं काढायचं कोणी केलंय का?