मदत हवी आहे: दोन मोबाइल कंपन्या एक होत आहेत, नंबर आत्ताच पोर्ट करावा का?

आमची मोबाइल कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होते आहे. 'आपल्याला काहीही करण्याची गरज नाही' असा मेसेज आला आणि तेव्हापासूनच काळजी लागली आहे. माझा प्रीपेड आहे, नवऱ्याचा पोस्टपेड आणि आईकडे बटणांचा जुना फोन. बँकेचे सगळे ओटीपी आईच्या त्याच नंबरवर येतात.

नंबर, सिम, प्लॅन यांचं काय होतं? दोघांचे टॉवर मिळून रेंज सुधारते म्हणतात, ते खरं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

जुना टॉवरवाला:
नंबर कुठेही जात नाही. सिमही बराच काळ चालतं, कारण सुरुवातीला दोन्ही नेटवर्क वेगळीच राहतात. खरी काळजी आईंच्या फोनची करा. विलीनीकरणात पैसा वाचतो तो दुबार टॉवर काढून आणि जुनं नेटवर्क बंद करून. अमेरिकेत टी-मोबाइलने एप्रिल २०२० मध्ये स्प्रिंट घेतली आणि २०२२ मध्ये स्प्रिंटचं सीडीएमए नावाच्या जुन्या तंत्रावरचं नेटवर्क बंद केलं. फक्त त्यावरच चालणारे हँडसेट बदलण्यावाचून ग्राहकांना गत्यंतर उरलं नाही. त्यामुळे कंपन्या एक कधी होणार यापेक्षा जुनं नेटवर्क कधी बंद होणार ते कस्टमर केअरला विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या, तोंडी नको.

स्मार्टफोनवाल्यांनीही एक पाहावं. 4G ची खूण दिसते म्हणजे कॉल 4G वरून जातो असं नाही. कॉल चालू असताना ती खूण 3G किंवा 2G वर उतरत असेल, तर तुमचा फोन अजून जुन्या नेटवर्कवरच अवलंबून आहे.

रेंजचं म्हणाल तर दोघांचा स्पेक्ट्रम (म्हणजे वापरायला मिळालेल्या रेडिओ लहरी) एकत्र आल्यावर वेग वाढू शकतो. पण शेजारीशेजारच्या दोन टॉवरपैकी एक निघतो, आणि तुमच्या घरात नेमकी त्याचीच रेंज येत असेल तर पंचाईत. नुसतं मोठं होऊनही भागत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या तेव्हा ४० कोटींहून जास्त ग्राहक होते, नंतर ते जवळपास निम्म्यावर आले. अर्थात त्यामागे कर्ज आणि स्पर्धाही होती.

हिशेबी:
टॉवरचं ठीक आहे हो, पण दरांचं काय? २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने ब्रिटनमधल्या थ्री आणि ओटू या मोबाइल कंपन्यांचा व्यवहार अडवला, कारण चार कंपन्यांच्या तीन होऊन स्पर्धा घटली असती. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्याच नियामकाने व्होडाफोन आणि थ्रीला मात्र परवानगी दिली. अटी दोन मुख्य: नेटवर्कवर मोठा खर्च करायचा आणि काही ठरावीक प्लॅन तीन वर्षं चालू ठेवायचे. टी-मोबाइलनेही दर न वाढवण्याचं वचन तीनच वर्षांचं दिलं होतं. चौथ्या वर्षाबद्दल कुणी लिहून देत नाही!

धागाकर्ती:
धन्यवाद दोघांनाही. मग पोर्ट करू की थांबू?

जुना टॉवरवाला:
घाई नको. प्रीपेड पोर्ट केला की उरलेला बॅलन्स सहसा बुडतो, म्हणून रिचार्ज संपत आला की ठरवा. तोवर दुसऱ्या कंपनीचं एक सिम घेऊन घरात, जिन्यात, ऑफिसात रेंज तपासा. छोट्या कंपनीकडे जाणार असाल तर ती टॉवर कुणाचे वापरते ते आधी विचारा, नाहीतर फिरून त्याच नेटवर्कवर याल. पोस्टपेडच्या करारात, कंपनीने अटी बदलल्यास दंड न भरता बाहेर पडता येतं का, ते यजमानांना बघायला सांगा.

आणि आईंना आजच सांगून ठेवा: 'विलीनीकरणामुळे सिम अपडेट करा' म्हणत कुणी लिंक पाठवली किंवा ओटीपी मागितला, तर सरळ फोन ठेवायचा.