आधी ब्लॉक तपासा, मग ठरवा

बोटीतलं जुनं ४५४ (शेवरलेचं ४५४ घनइंची व्ही-८ पेट्रोल इंजिन) उघडून बांधावं की तयार लाँग-ब्लॉक (हेडसकट जोडलेलं, पण बाहेरच्या जोडण्यांविना इंजिन) आणावा, असा तुमचा प्रश्न आहे. वर सगळ्यांनी फक्त खर्चाची तुलना केली आहे, पण माझ्या मते उत्तर ब्लॉककडेच, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाकडेच आहे. बोट खाऱ्या पाण्यात चालली असेल आणि इंजिनातून थेट समुद्राचं पाणी फिरत असेल, तर आतल्या वाटा गंजत जातात. सिलिंडरच्या भिंतींची जाडी अल्ट्रासोनिक मीटरने मोजून घ्या. पातळ निघाल्या तर बोअर वाढवण्यात (सिलिंडर आतून कोरून रुंद करण्यात) पैसे घालू नका, विकतच घ्या. बोट गोड्या पाण्यातली असेल आणि भरवशाचा मशिनिस्ट जवळ असेल, तर मी बांधायला घेईन.

एक कळकळीची विनंती: स्वस्त मिळतंय म्हणून ट्रकचं ४५४ तसंच बसवू नका. ट्रक हायवेवर थोड्याशा ताकदीवर पळतो. बोट मात्र सतत घाट चढत असल्यासारखी ओढत राहते. चुकीच्या कॅममुळे (व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या दांड्यामुळे) एग्झॉस्टमधलं पाणी उलटं सिलिंडरमध्ये खेचलं जाऊ शकतं. फ्रीझ प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांची भोकं बंद करणारी झाकणं) पितळी हवेत. स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर मरीनचेच घ्या, त्यांची ठिणगी बाहेर येत नाही. पेट्रोलची वाफ जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते. इथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ.

विकत घेताना पिढी बघा. १९९१ पासूनच्या जेन फाइव्हला (पाचव्या पिढीला) मागचा मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला तेल अडवणारा) एकसंध आहे, त्यामुळे जुना फ्लायव्हील आणि ऑइल पॅन बसत नाही. जोडइंजिनांची बोट असेल तर इंजिन फिरण्याची दिशाही विचारून घ्या, दोन्ही उलटसुलट फिरणारी असू शकतात.

आणि गंजलेले जुने राइझर (एग्झॉस्टचे वर चढणारे भाग) नव्या इंजिनावर चढवू नका.