बाबांची सही मी करायचे: आईवडिलांचे पैसे सांभाळतानाचे तुमचे अनुभव लिहा

शाहूपुरी, सातारा
काल माळ्यावरची पिशवी काढली, त्यात ती दुरेघी वही सापडली. पहिली चार पानं नुसत्या बाबांच्या सह्या. मी गिरवलेल्या.

बाबा झेडपीच्या शाळेत शिक्षक होते. २०१६ च्या श्रावणात अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. पेन्शन खात्यात पडायची, पण काढायची कशी? एटीएम कार्ड त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. मला म्हणाले, "तूच कर की सही, माझीच पोर आहेस." तीन महिने मी स्लिपवर त्यांची सही करून पैसे आणले. चौथ्या महिन्यात कॅशियरने स्लिप बाजूला ठेवली आणि मला केबिनमध्ये पाठवलं. बाबा शेवटच्या फाट्याला पेन उचलत नसत, मी उचलायचे. तेवढ्यावरून कळलं त्यांना.

साहेब म्हणाले, "ताई, वडिलांनी सांगितलं असलं तरी ही खोटी सहीच. उद्या तुमच्या भावाने तक्रार केली तर काय दाखवाल?" हातपाय गार पडले. सगळा पैसा बाबांच्या औषधपाण्याला गेला होता, पण एक पावती जपलेली नव्हती.

मग त्यांनीच रस्ता सांगितला. सही जमत नसेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी. हाताचा जमत नसेल तर पायाचा. पैसे कोण घेऊन जाणार हेही खातेदार सांगू शकतो. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, मला माहीत नव्हता एवढंच.

शनिवारी साहेब घरी आले. शाईचं पॅड बघून बाबा रडायला लागले. "आयुष्यभर पोरांना सही शिकवली, आणि आता मी अंगठा लावू?" तो आवाज अजून कानात आहे.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. कुणाच्या तरी वेळेत उपयोगी पडेल.

कराडची लेक
आईचं कार्ड माझ्याकडेच असायचं, पिन तिनेच दिलेला. ती गेली त्या दिवशी संध्याकाळी मी चाळीस हजार काढले. दवाखान्याचं बिल, गाडी, पुढचे दिवस, दुसरं काही डोक्यातच नव्हतं. वर्षभराने मोठ्या बहिणीच्या वकिलाची नोटीस. माणूस गेल्यावर त्याचं कार्ड वापरायचंच नसतं, बँकेला कळवायचं असतं, हे तेव्हा समजलं. वर मी नॉमिनी, म्हणून मला वाटायचं पैसे माझेच. वकील म्हणाले, नॉमिनी म्हणजे नुसता राखणदार, हक्क सगळ्या वारसांचा. बिलं डब्यात होती म्हणून निभावलं. बहीण अजून बोलत नाही. राखीला फोन करते, उचलत नाही.

मिरज
@कराडची लेक ताई, फोन सोडू नका. दोन वर्षांनी उचलला आमच्याकडे.

उसाचा मळा, वाळवा
आमचं जरा येगळं हाय. ऊस दादांच्या, म्हंजी वडलांच्या नावावर, बिल दादांच्या खात्यात, सोसायटीचं कर्जबी त्यांच्याच नावावर. दादा चांगले होते तवाच इस्लामपूरला कुलमुखत्यारपत्र केलं, म्हंजी त्यांच्या वतीनं मी व्यवहार करायचा कागद, रीतसर नोंदवून. वाटलं मिटलं. पुढं त्यांना विसरभोळेपणा लागला, मग डिमेन्शिया म्हणून सांगितलं डॉक्टरांनी. मला वळखंनात. मी कागद घेऊन बँकेत, तर वकील म्हणतो आता ह्याचा उपेग न्हाई. देणाऱ्याचं भान गेलं की मुखत्यारपत्र आपोआप संपतं, १८७२ चा करार कायदाच तसा हाय. ज्या दिवसासाठी कागद केला त्याच दिवशी तो मेला बघा.

पालक नेमून घ्यायचं म्हणलं तर अशा म्हाताऱ्या माणसासाठी सरळ कायदाच न्हाई. उच्च न्यायालयात रिट, म्हंजी खास अर्ज करावा लागतो, डॉक्टरांचा दाखला, सगळ्या वारसांची संमती. आता १८ ऑगस्ट २०२५ पासनं कोल्हापूरला त्याच न्यायालयाचं सर्किट बेंच झालंय, मुंबईचा हेलपाटा वाचला. तारीख पुढच्या महिन्यात हाय. खताची उधारी थांबलीय तवर.

विश्रामबाग, सांगली
आईच्या फोनमधून यूपीआय मीच करते, वीजबिल, दूधवाला. हे पण चुकीचं का??

सदरबझार
@विश्रामबाग रक्कम छोटी आहे तोवर कुणी विचारत नाही. पण पिन दुसऱ्याला दिला की गडबड झाल्यावर बँक हात वर करते. बेंगळुरूला एका बाईंचं कार्ड घेऊन नवरा पैसे काढायला गेला, पैसे आलेच नाहीत, खात्यातून मात्र २५,००० गेले. ग्राहक न्यायालयाने २०१८ मध्ये बँकेच्या बाजूने निकाल दिला, कारण पिन नवऱ्याला सांगितला होता. नवऱ्याला! घरखर्चापुरतं आईबरोबर जॉइंट खातं काढा, मोठी रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात राहू दे.

कोरेगाव
जॉइंट काढताना फॉर्म नीट वाचा. "आयदर ऑर सर्व्हायवर" असेल तर दोघांपैकी कुणीही काढू शकतं. "फॉर्मर ऑर सर्व्हायवर" असेल तर पहिलं नाव असेल तोच, ते गेल्यावर दुसरा. आम्ही नुसती टिक केली, आणि वडील आयसीयूत असताना मी काउंटरवर रिकाम्या हाताने उभा.

आणि आईवडिलांजवळ विषय काढणं हेच सगळ्यात अवघड. मी काढला तर आई म्हणाली, "मला आत्ताच पोचवलंस का?" दोन दिवस जेवली नाही. मग मावशीने समजावलं.

फौजीची सून, अपशिंगे
आमच्या सासूबाई ८४, फॅमिली पेन्शन. हयातीचा दाखला ८० च्या वर असेल तर १ ऑक्टोबरपासून देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत नेऊ नका. बोटं उमटत नाहीत म्हणून मोबाईलवर चेहरा दाखवून करते. या वेळी चष्मा काढून तीनदा केलं तेव्हा घेतलं.

मिरज
@फौजीची सून मोतीबिंदूचं झालंय का त्यांचं? आमच्या आईचं इथे केलं गेल्या महिन्यात, छान दिसतंय आता, पेपर वाचते.

फौजीची सून, अपशिंगे
एका डोळ्याचं झालंय. दुसऱ्याला घाबरतायत. किती दिवस थेंब टाकायला लागले?

मिरज
महिनाभर. वेळापत्रक लिहून भिंतीला लावलं होतं.

शाहूपुरी, सातारा
@वाळवा दादा, वाचून पोटात कालवलं. तारीख झाली की इथे नक्की लिहा. सगळ्या भावंडांच्या सह्या मिळाल्या का?

उसाचा मळा, वाळवा
दोन बहिणींच्या झाल्या. धाकटी तासगावला दिलीय, तिच्या मालकाला संशय हाय मी जमीन नावावर करून घेतोय म्हणून. उद्या गाडीनं जातो, सगळी बिलं आन् सोसायटीचा उतारा घेऊनच जातो. दादांना पण न्यावं म्हणतोय. तिला बघितलं की हसत्यात, नाव येत न्हाई तोंडावर, पण हसत्यात.

शाहूपुरी, सातारा
न्या. नक्की न्या.

विश्रामबाग, सांगली
@सदरबझार धन्यवाद. आईला विचारलं, सोमवारी बँकेत जातोय दोघी. कुकर लावलाय, बाकी रात्री लिहिते.